सहाच्या गाडीतला डबा

उज्वलाला गाण्यातलं काय कळतं, असं राजेंद्र एकदा चारचौघांत म्हणाला होता. त्यानंतर त्याच्या बायकोचे तीन ब्लाउज माझ्या दुकानात पंधरा दिवस तसेच पडून राहिले. पुन्हा तो तसं म्हणाला नाही. मला गाण्यातलं कळतं. निदान तसं मी मानत होते. पण ज्या एका गाण्याचा अर्थ मी छातीठोकपणे सांगितला, त्या अर्थानं माझ्या सख्ख्या भावाचं लग्न ठरायच्या आधीच मोडायला आलं होतं.

बँडचं नाव ‘सेकंड गिअर’. असं नाव का, हे आमच्याकडच्या माणसाला विचारावं लागत नाही. पोलादपूर मागे टाकून एसटी आंबेनळी घाटाला लागली की ड्रायव्हर सेकंड टाकतो आणि मग बराच वेळ त्याला हात लावत नाही. चार पोरं आहेत. दोघं पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, दोघं डोंबिवलीची. आठवडाभर नोकऱ्या करतात आणि शनिवार-रविवारी गातात. त्यांची गाणी आमच्या बोलीतली, आमच्या रस्त्यांची. ऐकताना आपल्याच ओटीवर कुणीतरी बसून गातंय असं वाटतं. मी मशीनवर बसले की सकाळपासून तीच लावते.

आपल्याकडे चार माणसं एका गोष्टीवर खूश झाली की मंडळ निघतं, आणि मंडळ निघालं की अध्यक्ष लागतोच. ‘सेकंड गिअर मित्रमंडळ, महाड-पोलादपूर’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात त्रेचाळीस माणसं आहेत. अध्यक्ष राजेंद्र, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. कार्याध्यक्ष मंगेश, पोलादपूरच्या डोंगरातला, महाडात औषधांच्या दुकानात कामाला. सचिव माझा भाऊ धम्मपाल. मी साधी सभासद, पण सभा माझ्या दुकानात भरतात, म्हणून माझ्या शब्दाला वजन.

दुकान एसटी स्टँडसमोर आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. बाहेर एक लांब बाक आहे आणि त्या बाकाला माझ्यापेक्षा जास्त मान आहे, कारण त्यावर डबे उतरतात. खेड्यातली पोरं कॉलेजसाठी महाडात खोली करून राहतात. त्यांच्या आया सकाळच्या गाडीत डबा ठेवतात, कंडक्टर तो माझ्या बाकावर आणून ठेवतो, पोरं येऊन घेऊन जातात. संध्याकाळी रिकामे डबे त्याच बाकावर येतात आणि परतीच्या गाडीनं गावाला जातात. ही पद्धत कुणी पाडली कोण जाणे. बाक माझा, म्हणून लक्ष ठेवणं माझ्याकडे आलं. आज अकरा वर्षं मी परक्यांचे डबे हाताळतेय.

आता धम्माबद्दल. आई गेली तेव्हा तो नववीत होता. माझं लग्न झालेलं, नवरा बोरिवलीला नोकरीत, महिन्यातून दोनदा येतो. त्यामुळे धम्माला मीच वाढवला. आता तो पोलादपूरच्या पुढे एका वाडीवरच्या शाळेत गुरुजी आहे. शाळेत मुलांपुढे खणखणीत बोलतो. स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की मात्र तोंडात मिठाची गुळणी. त्याला रेश्मा आवडते हे मला त्यानं नाही सांगितलं, मीच ओळखलं. रेश्मा जवळच्या वीर गावची, महाडात एका लॅबमध्ये रक्त तपासायला असते. तीही आमच्या ग्रुपात आहे. मागच्या महिन्यात धम्मानं तीनदा रक्त तपासून घेतलं, तेव्हा माझी खात्री पटली.

त्या रविवारी तो जेवता जेवता म्हणाला, “ताई, मी रेश्माला विचारलं.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. “मग? काय म्हणाली?”

“अजून काही नाही. पण तिनंच परवा सांगितलं होतं, पुढच्या रविवारी माणगावची माणसं तिला बघायला येणार आहेत. अकरा वाजता.”

“म्हणजे तिच्याकडून होकार आला, तर त्याच्या आत आपल्याला जायला हवं.”

“हो. आणि नकार असला, तर कशाला मध्ये तडमडायचं?”

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी सकाळी बँडचं नवं गाणं आलं, आणि दुपारी रेश्मानं ते धम्माला पाठवलं. सोबत एक शब्द नाही. नुसतं गाणं. धम्मा शाळा सुटल्या सुटल्या थेट दुकानात आला आणि फोन माझ्यापुढे धरला. “हे तिचं उत्तर आहे, ताई.”

आम्ही दोघांनी मिळून ते नऊ वेळा ऐकलं. ध्रुवपद असं होतं:

तुझा डबा धुतला, पुसला,
सहाच्या गाडीत दिला;
झाकण काढून बघ एकदा,
साखर आहे तळाला.

“हे हो आहे की नाही?” धम्मानं विचारलं.

मला पटकन सांगता येईना. धम्मानं मग ग्रुपवर प्रश्न टाकला. रेश्माचं नाव अर्थातच घेतलं नाही. ‘नव्या गाण्याचा नेमका अर्थ काय? सभासदांनी मतं मांडावीत,’ एवढंच लिहिलं. रेश्मा तो ग्रुप कधी उघडत नाही, रोजच्या दीडशे सुप्रभातांना कंटाळून तिनं आवाज बंद करून ठेवलाय, म्हणून त्याला धीर आला. चार दिवस नुसता धुमाकूळ चालला होता. एकानं लिहिलं, गाणं आईवर आहे. दुसऱ्यानं लिहिलं, आई नसलेल्या मुलावर आहे. अध्यक्षांनी तर पंचवीस ओळींचा लेखच टाकला, की डबा म्हणजे मतपेटी असून साखर म्हणजे निवडणुकीतली आश्वासनं आहेत. त्यावर सतरा अंगठे आले. माणसं न वाचताच अंगठे देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी शनिवारी संध्याकाळी पाचला माझ्या दुकानात सभा बोलावली. आठ जण आले. राजेंद्रनं आधी स्वतःचं स्वागत स्वतःच केलं, मग मागच्या सभेचा वृत्तांत वाचायला लागला. धम्मा मशीनच्या स्टुलावर बसून नखं खात होता. त्याच्या मनात काय चाललंय हे तिथं मला एकटीला माहीत होतं, आणि माझा संताप संताप होत होता.

“वृत्तांत राहू दे, अध्यक्ष,” मी म्हणाले. “गाण्यावर या.”

“येतो ना. सर्वप्रथम मतपेटीचा जो मुद्दा मी मांडला—”

“मतपेटी धुवून-पुसून कोण देतं, राजेंद्रदादा?” मी विचारलं.

मंगेश कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, “माझा इचार सांगू काय? आमच्या वाडीला सहाची गाडी म्हंजे शेवटची गाडी हाय. ती गेली का दुसरी नाय. सकाळपरत काय पन करा, माणूस हलत नाय. आता गाण्यातल्या पोरीनं डबा सहाच्याच गाडीत दिला. म्हंजे काय? इषय संपला. आता याच्याफुडं येणं-जाणं नाय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं तर बँडमधली दोन पोरं त्याच वाडीच्या बाजूची, तेव्हा मंगेशचं म्हणणं उडवून लावता येईना. धम्माचा चेहरा उतरला.

“पण साखर?” तो म्हणाला. “साखरेचं काय?”

“ती तळाला राहिलेली,” राजेंद्रला पुन्हा वाव मिळाला. “गोड आठवणी. कितीही धुतलं तरी थोडं काही राहतंच. फार कारुण्य आहे त्यात.”

“ताई, तू सांग,” धम्मा माझ्याकडे वळला. “तुझ्या हातातून रोज डबे जातात.”

इथं माझं चुकलं. मी नीट विचार करायला हवा होता. पण आठ माणसं माझ्याकडे बघत होती, आणि डब्यांच्या बाबतीत महाडात माझ्याइतका अधिकार कुणाचा नाही हे मलाही मनातून आवडत होतं.

“हे बघा,” मी कात्री खाली ठेवून म्हणाले, “अकरा वर्षांत मी हजारो डबे परत जाताना पाहिलेत. पोरं डबा कधी धूत नाहीत. भाजी तशीच चिकटलेली असते, झाकण उघडलं तर नाक धरावं लागतं. आई घरी नेऊन घासते. पोरगा डबा धुतो तो वर्षातून एकदाच. परीक्षा संपली, खोली सोडली, उद्यापासून डबा नको, त्या दिवशी. धुतलेला डबा बाकावर आला की मी ओळखते, याचं इथलं संपलं. तिनं धुतलाय आणि पुसलाय पण.”

मंगेश म्हणाला, “बरोबर हाय, ताई.” राजेंद्रनं वहीत लिहून घेतलं. सभा संपली, आणि आभार मानायला तो उठेपर्यंत धम्मा बाहेर पडला होता.

मी दुकान बंद करून घरी गेले तेव्हा तो ओट्यावर बसला होता.

“मी तिला मेसेज केला,” तो म्हणाला. “‘समजलं. सुखी राहा.’”

“अरे, एवढी घाई कशाला?”

“तूच म्हणालीस ना, धुतलेला डबा म्हणजे संपलं.”

मला तेव्हा स्वतःच्या तोंडावर मारून घ्यावंसं वाटलं. जेवण त्यानं नुसतं चिवडलं. ज्या पोराला मी कधी उपाशी झोपू दिलं नाही, तो माझ्याच शब्दानं उपाशी झोपला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी भांडी जोरात आपटली.

रविवारी सकाळी साडेआठला चंपाबाई आत्या नाते गावाहून आमच्या घरी आली. आमच्या वडिलांची ती धाकटी बहीण, सत्तरीची, पण पहिल्या गाडीनं एकटी येते. तिला नातीच्या बारशासाठी नवा ब्लाउज हवा होता. मी माप घ्यायला लागले. आत धम्माच्या फोनवर तेच गाणं वाजत होतं. माणसाला दुखतं तिथंच दाबायची सवय असते.

आत्यानं कान दिला. “कुणाचं गो गाणं? चांगलं हाय.”

“चांगलं कसलं! नकाराचं आहे,” मी टेप तिच्या दंडाला गुंडाळत म्हणाले.

“कसला नकार?”

मी तिला थोडक्यात सांगितलं. डबा, सहाची गाडी, धुणं, पुसणं. ती मध्येच हसायला लागली. इतकी हसली की माप चुकलं.

“उज्वले, तुला कुणी शानी म्हटली? अगो, दुसऱ्याचं भांडं आपल्याकडं आलं तर तू कसं परत देतंस?”

“धुवून.”

“आन?”

“आणि काय! देऊन येते.”

“आन काय घालून देतंस?” आत्यानं विचारलं. “शेजारनीनं वाटी दिली तर वाटी रिकामी फिरवतंस काय?”

नाही. कधीच नाही. चार दाणे तांदळाचे, गुळाचा खडा, नाहीतर चमचाभर साखर. रिकामं भांडं कुणाच्या घरी परत करायचं नाही, हे आईनं मला शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. मीही अजून तेच करते, इतक्या सवयीनं की ते माझ्या ध्यानातही येत नाही. पण बाकावरचे डबे हाताळून हाताळून माझ्या डोक्यात डबा म्हणजे पोरांचा डबा एवढंच उरलं होतं. ती पोरं कुठली साखर घालतात! आणि सभेला आलेल्या आठ पुरुषांपैकी एकानंही जन्मात शेजारणीची वाटी परत नेऊन दिलेली नव्हती.

“साखर राहिलेली नाय गो ती,” आत्या म्हणाली. “तिनं घातलेली हाय. भांड्यात घालून दिलं म्हंजे काय सांगितलं? आपलं देनं-घेनं चालू राहूदे. तू परत पाठव, मी परत पाठवीन.” मग ती जरा थांबली. “आमच्या ल्हानपनी बाहेरचं कुनी आमचं भांडं घेईत नसत. पयल्यांदा एका घरनं आमची वाटी परत आली, तिच्यात साखर होती. माझी आय ती साखर हातात घेऊन रडलेली. मी इसरले नाय ते.”

धम्मा दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“किती वाजले?” त्यानं विचारलं.

“नऊ वाजून दहा.”

“अकराला माणगावची माणसं येणार आहेत.”

“मग उभा काय राहिलास? शर्ट बदल!” मी ओरडले. “आणि तो चौकड्यांचा घालू नकोस!”

आत्याला ब्लाउजच्या अर्ध्या मापावर बसवून आम्ही रिक्षा पकडली. रिक्षावाला वीर स्टेशनच्या गाडीसाठी आणखी दोन माणसं मिळायची वाट बघत होता. त्याला मी असं काही बघितलं की त्यानं लगेच रिक्षा सुरू केली. वाटेत धम्मा एकदाच बोलला. “ताई, मी ‘सुखी राहा’ असं लिहून बसलोय गं.”

“ते मी निस्तरते. तू फक्त तोंड उघड.”

वीरला पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. रेश्माचं घर स्टेशनच्या अलीकडे, बुद्धवाडीत. अंगण झाडून स्वच्छ, आत खुर्च्या मांडलेल्या, ताटलीत लाडू रचलेले. रेश्माची आई पुढे आली. “जय भीम, उज्वलाताई! अशा अचानक?”

“जय भीम, काकी. रेश्माशी जरा काम होतं.”

रेश्मा आतून आली. नवी साडी होती, पण केस अजून विंचरलेले नव्हते. धम्माला पाहिलं आणि तिनं फोनच त्याच्या नाकासमोर धरला.

“हे काय आहे? ‘समजलं. सुखी राहा.’ काय समजलं तुला? सकाळपासून मी आणि माझी मैत्रीण श्रुतिका याचाच अर्थ लावतोय. ती म्हणते तुझी बदली झाली. मला वाटलं तू माझ्यावर रागावलास.”

धम्मा खाली बघत राहिला. तेव्हा मीच मध्ये पडले. “अगं, तू गाणं पाठवलंस ना मंगळवारी. डब्याचं.”

“हो. मग?”

“त्याचा अर्थ आम्ही आधी चुकीचा लावला. आता कळलं. साखर तू घातलीस.”

“कसली साखर?”

“गाण्यातली.”

“ताई, मी ते गाणं त्या दिवशी सकाळी रिक्षात ऐकलं. चाल आवडली म्हणून सात-आठ जणांना पाठवलं. लॅबमधल्या सरांनाही पाठवलंय. शब्द मी अजून नीट ऐकलेसुद्धा नाहीत.”

मला हसावं की रडावं ते समजेना. त्रेचाळीस माणसं चार दिवस भांडली, राजेंद्रनं पंचवीस ओळी लिहिल्या, मी अकरा वर्षांचा अनुभव पणाला लावला, आणि या पोरीनं शब्दच ऐकले नव्हते.

“पण मग धम्मानं तुला विचारलं होतं, त्याचं उत्तर?” मी म्हणाले.

“काय विचारलं होतं?”

मी धम्माकडे वळले. “तू विचारलंस म्हणालास ना?”

“विचारलं होतं,” तो पुटपुटला. “गेल्या रविवारी. ‘पुढच्या गाडीनं दोघं जाऊ’ पाठवलं होतं.”

ते बँडचं दोन वर्षांपूर्वीचं गाणं. मी कपाळाला हात लावला. माझ्या गुणी भावानं लग्नाची मागणी गाण्याची लिंक पाठवून घातली होती, आणि त्या लिंकलाच मागणी समजून तो आठवडाभर उत्तर शोधत बसला होता.

“ते गाणं?” रेश्मा म्हणाली. “मी त्याला बदाम दिला होता. चांगलं गाणं आहे म्हणून.” मग तिचा आवाज बदलला. “धम्मपाल, दोन वर्षं झाली आपली ओळख होऊन. तू मला रोज एक गाणं पाठवतोस. मी एकेक गाणं ऐकते आणि वाटतं, आज त्याच्या खाली काहीतरी लिहिलं असेल. तुझं स्वतःचं, एक ओळ. कधी नसतं. म्हणून शेवटी मी आईला म्हटलं, येऊ देत माणगावच्यांना.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. काकी दारातून ऐकत होत्या आणि मध्ये पडायचं की नाही या विचारात पदराशी चाळा करत होत्या.

“आता विचार,” रेश्मा म्हणाली. “गाणं न लावता.”

धम्मानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम तोंड फिरवलं आणि लाडवांच्या ताटलीकडे बघत राहिले. आयुष्यभर याच्या वतीनं मीच बोलत आले, शाळेत, दवाखान्यात, नोकरीच्या कागदांसाठी, आणि आज पहिल्यांदा मला कळलं की त्याच्या तोंडाला कुलूप पडण्यात माझाही हात आहे. मी जीभ चावून गप्प राहिले. फार कठीण गेलं.

“रेश्मा,” तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण ऐकू येत होता. “मला तुझ्याशी लग्न करायचंय. तुला करायचंय का?”

“हो,” रेश्मा म्हणाली.

मग ती आईकडे वळली. “आई, माणगावच्यांचा नंबर दे. मीच फोन करते.”

काकींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा धम्माकडे, आणि मग नंबर सांगितला. रेश्मानं तो लावला, आणि आम्हा सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकलं, “काका, नमस्कार. वीरहून रेश्मा बोलतेय. कृपा करून निघू नका. माझं लग्न ठरलंय.”